दादांनी सांगितलेली वाट

शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात दादांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. दादा म्हणजे माझे थोरले दीर, यज्ञेश्वर. सासरे लवकर गेले तेव्हा त्यांनी कॉलेज सोडून नोकरी धरली आणि धाकट्या भावाला शिकवलं. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, आजही वाटतो. पण धाकटे बंधू, म्हणजे आमचे हे, बत्तीस वर्षांचे झाले, शिरोलीच्या कारखान्यात हाताखालच्या माणसांवर आवाज चढवू लागले, तरी केस कधी कापायचे तेसुद्धा दादांना विचारायचे. यांचं नाव नृसिंह. बोलताना मी 'अहो' म्हणते. लिहिताना नाव घेतलं तर आभाळ कोसळत नाही, असं मी ठरवलंय.

चौऱ्याहत्तर साली गौरी-गणपतीच्या सुमाराला मला इचलकरंजीच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी मिळाली. आधीच्या बाई पुण्याला गेल्या म्हणून मधेच जागा निघाली होती. गौरी-गणपतीनंतरच्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरीला बोलावतो, असा निरोप आला. दादा म्हणाले, घरच्या सुनेनं रोज एस.टी.नं इचलकरंजीला ये-जा करणं बरं दिसत नाही. संपलं. नृसिंह मला खोलीत हळूच म्हणाले की मी बोलतो दादांशी. आठवडा गेला, ते बोलले नाहीत. मी विषय काढला की यांचा चष्मा हरवायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गौरी-गणपती पोचवले आणि माझ्या जाऊबाई श्यामलावहिनींनी मधला मार्ग काढला. लग्नाला तीन वर्षं होऊन आमच्याकडे पाळणा हलला नव्हता. वहिनी दादांना म्हणाल्या, दोघांना मसाईदेवीची ओटी भरून येऊ द्या. देवीचं नाव निघाल्यावर दादांचं काही चालेना. मला मात्र पन्हाळ्यापासून पुढचं, देवीचं देऊळ आहे ते पठार चालायचं होतं. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर मी ते पालथं घातलं होतं, पण सासरी ते कुणी विचारलं नव्हतं. शिवाय दोन दिवस नवरा दादांच्या हाकेच्या टप्प्याबाहेर मिळणार होता. या दोन दिवसांत यांच्याकडून हो किंवा नाही ऐकायचंच, असं मी पक्कं केलं होतं.

निघताना दादांनी वाट समजावून सांगितली. देऊळ सोडलं की डावा हात धरायचा, तो सोडायचा नाही, आपोआप उतार लागतो. दादा तिथं एकदाच गेले होते, मित्राच्या जीपमधून, भर एप्रिलात.

शनिवारी पन्हाळ्यावर ओळखीच्यांकडे राहिलो आणि रविवारी उजाडताच चालू लागलो. चढ संपून पठारावर पाय ठेवला आणि माझा राग निम्मा उतरला. झाड म्हणून नाही. नजर पोचेल तिथवर काळातांबडा जांभा दगड, त्यावर बोटभर गवत, आणि त्या गवतात सोनकीची पिवळी, तेरड्याची गुलाबी फुलं नुसती सांडलेली. वारा इतका की पदर खोचून गाठ मारावी लागली. नृसिंह एरवी पेठेच्या बाहेर पडले की बावरतात, पण इथं लहान मुलासारखे डबक्यांतून उड्या मारत चालले होते. मला ते फार आवडले त्या सकाळी. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच कुठं चाललो होतो.

देवळात ओटी भरली. देवीकडे मी मूल मागितलं नाही, नोकरी मागितली. मग आडोशाला बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाताना विषय काढला. नृसिंह म्हणाले, घरी गेल्यावर बघू. मी दशमीचा डबा खटकन बंद केला आणि उठले.

पुढं धुकं आलं. बघता बघता चार पावलांपलीकडचं दिसेना. नृसिंह डाव्या हाताला वळले. मी सांगितलं की वस्तीकडे उतरायची वाट उजवीकडे आहे, मी इथं आले आहे. ते म्हणाले, दादांनी डावा सांगितलाय. मी पुन्हा सांगितलं नाही, फक्त त्यांच्या शर्टाचं टोक धरून चालू लागले. पायाखालचं गवत संपलं आणि उघडा दगड लागला. वारा समोरून खालून वर यायला लागला, तेव्हा मी शर्ट ओढून त्यांना थांबवलं.

"एक पाऊल पुढं टाकाल तर खबरदार," मी म्हणाले.

ते चिडले. पण थांबले. थोड्या वेळानं धुक्याला भोक पडलं आणि समोर कडा दिसला. आमच्यापासून फार लांब नव्हता. खाली पार खोल भातशेतं होती आणि एवढीशी नदी. नृसिंह दोन पावलं मागं सरून खाली बसले. कड्याकडे बघत म्हणाले की दादा तर डावाच म्हणाले होते.

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. वाट मला माहीत होती. हात धरून घेऊन गेले असते तर तासाभरात खाली पोचलो असतो. पण मग घरातली वाट दाखवणारी माणसं दोन झाली असती, एवढंच. मी त्यांच्यासमोर बसले.

"दादा जीपमधून आले होते. आज इथं तुम्ही आहात," मी म्हणाले. "कुठं जायचं ते तुम्ही सांगा."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मी आठवडाभर सांगतेय. आता तुम्हाला काय वाटतं ते मला ऐकायचंय."

धुकं पुन्हा मिटलं. ते चष्मा पुसत राहिले. मी बोलले नाही, आणि न बोलणं मला किती जड जातं हे आमच्या घरी कुणालाही विचारा. शेवटी ते उठले. वाकून वाकून जमीन बघत मागं फिरले. म्हशींचं ताजं शेण दिसलं तिथं थांबले, पुढचं दिसेपर्यंत पुन्हा चालले. म्हशी संध्याकाळी घरी जातातच, असं स्वतःशीच पुटपुटले. दोनदा चुकले, दोनदा परत आले. माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "इकडून. चल."

उतरलो तो थेट आकाराम नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशी. त्यानं ताक दिलं आणि आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "पावणं, एवढ्या धुक्यातनं आलासा? वाट कुणी दावली?"

"मीच काढली," नृसिंह म्हणाले.

हेच त्यांनी फाट्यावर एस.टी.ची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्याला सांगितलं, नंतर कंडक्टरलाही. मी खिडकीबाहेर बघत होते. नोकरीबद्दल अजून अवाक्षर नव्हतं, आणि कोल्हापूर जवळ येत होतं. म्हशींच्या मागून कुणीही चालतं, माझ्या मनात आलं. खरा कडा घरी बसलाय.

घरी पोचलो तेव्हा दादा आरामखुर्चीत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. दादांनी देवीचं विचारलं, वाटेचं विचारलं. नृसिंहांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, टॉवेल जागेवर टांगला. मला वाटलं, संपलं आता. चष्मा हरवणार.

"दादा," ते म्हणाले, "डावीकडे कडा आहे. आम्ही उजवीकडून उतरलो. आणि प्रमोदिनी उद्या इचलकरंजीला हजर होतेय."

"मी नको म्हणालो होतो."

"हो. ऐकलं होतं मी. तरी ती जाणार आहे."

आवाज चढवला नव्हता, पण त्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. दादा त्यांच्याकडे बघत राहिले. आपण वाढवलेलं पोर हेच का, असं बघत होते. मला त्या क्षणी दादांचंही वाईट वाटलं. मग त्यांनी नजर वळवली आणि वहिनींना म्हणाले, सकाळी हिला डबा लागेल. उठून आत जाता जाता पुन्हा थांबले.

"तिला म्हणावं, गाडीत पुढच्या बाजूला बस. मागं हादरे बसतात."

"ती बघेल ना, दादा," नृसिंह म्हणाले. "तिचं ती बघेल."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले. हादरे बसले, चांगलेच बसले. दादांचं तेवढं मात्र खरं होतं.