ताजं ऑइल

कवळ्या बनवणाऱ्या बाईच्या घरात भांडण क्वचितच व्हायचं, पण झालं की हटकून एकाच विषयावरून व्हायचं: गाडीचं ऑइल कुणी बदलायचं.

नवरा शोरूमच्या बाजूचा. तो लिफ्ट तपासायच्या खात्यात नोकरीला होता, आणि ज्याचं काम त्यानंच करावं यावर त्याची एवढी श्रद्धा होती की घरातला दिवा गेला तरी आधी वायरमनला फोन लावायचा. "शोरूममध्ये शिक्का मारून देतात," तो म्हणायचा. "उद्या काही झालं तर जाब विचारायला समोर माणूस असतो. तू घरी ऑइल बदललंस आणि इंजिन बसलं, तर मी कुणाच्या नावानं खडे फोडू? तुझ्या?"

"त्याची तर तुम्हाला सवयच आहे," ती म्हणायची.

तिचं म्हणणं सरळ होतं. ती दिवसभर दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेणावर दात बसवायची. एखादा दात केसभर उंच राहिला तर कवळी घालणारा प्रत्येक घासाला शिव्या घालणार, अशा कामात तिची हयात गेली होती. असल्या बाईला गाडीखालचा एक नट सोडवता येऊ नये? जुनं ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचा, नट लावायचा, नवं ऑइल भरायचं. एवढ्यासाठी काचेच्या खोलीत बसून मशीनची पांचट कॉफी प्यायची आणि 'मॅडम, वायपरही झिजलेत' हे ऐकून वर भुर्दंड भरायचा, हे तिच्या जिवावर यायचं. पण गाडी त्यांच्या घरात नवीन होती. एका म्हाताऱ्या माणसाची, त्याच्या मुलानं विकलेली, जुनी पण निगुतीनं राखलेली. तेव्हा पहिल्या खेपेला तिनं माघार घेतली आणि गाडी शोरूमला नेली.

तासाभरात तिथला सुपरवायझर काचेच्या खोलीत आला. गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. "मॅडम, ऑइल कशाला बदलताय? आत्ताच तर बदललंय."

"कुणी?"

"ते तुम्हालाच ठाऊक. या, दाखवतो."

गाडी वर उचललेली होती. त्यानं ऑइल मोजायची पट्टी काढून फडक्यावर टेकवली. फडक्यावर मधाच्या रंगाचा डाग उमटला. मग त्यानं खाली ऑइलच्या चेंबरच्या नटावर बॅटरीचा झोत टाकला. नटावरून चेंबरवर जाणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक, सरळ रेघ होती. "नट सैल झाला की ही रेघ तुटते, लगेच कळतं. हल्ली एवढे कष्ट कुणी घेत नाही. हात चांगलाय हो ज्याचा कुणाचा आहे."

गाडी घेऊन बरेच महिने झाले होते आणि ती रोज वापरात होती. गाडी विकली जाण्याआधी म्हाताऱ्यानं ऑइल बदललं असतं तरी एव्हाना काळं व्हायला हवं होतं. तिला वाटलं, यांची काहीतरी गफलत झाली. आलोच आहोत तर बदलून टाका, म्हणाली. त्यांनी ते चांगलं ऑइल काढून त्यांचं भरलं, रेघ पुसली, काचेवर आपला स्टिकर चिकटवला.

पुढच्या खेपेला तोच सुपरवायझर बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मॅडम, घरी करत असाल तर खुशाल करा. पण मग आमच्याकडे का आणता? चेष्टा करताय का?"

पट्टीवर पुन्हा मधाचा रंग. नटावर पुन्हा पांढरी रेघ. आणि नटाखाली तांब्याचं वॉशर. शोरूममध्ये तसलं वापरत नाहीत, असं तो म्हणाला. बोलताना तो गाडीपासून दोन पावलं लांबच उभा होता.

घरी हे ऐकल्यावर नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. "कबूल कर. माझं तोंड बंद करायला तूच गुपचूप करतेस."

"मी? मला वाटत होतं हा तुमचाच चावटपणा आहे."

"माझा? मला बॉनेट उघडता येत नाही, गं!"

ते खरंच होतं. दोघं हसली, पण हसू मध्येच विरलं. गाडी घरामागच्या बोळातल्या भाड्याच्या गॅरेजमध्ये असायची. पत्र्याचं शटर, त्याला कुलूप. एक किल्ली तिच्या पर्समध्ये, दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. तिनं दुसऱ्याच दिवशी कुलूप बदललं आणि दोन्ही किल्ल्या आपल्याजवळ ठेवल्या. त्यानंतर गाडी काढताना ती पहिल्यांदा पट्टी बघायची. रंग हळूहळू गडद होत गेला तसा तिचा जीव भांड्यात पडला.

मग सुट्टीच्या एका दुपारी नवरा बहिणीकडे गेला होता आणि ती गॅरेजमधला पसारा आवरायला बसली होती. बोळात गाड्या धुवायला येणारी मंडळी विनाकारण आत डोकावतात म्हणून शटर तिनं खाली ओढलं होतं. वर एक झरोका होता, त्यातून ऊन भिंतीवर पडलं होतं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. ती पालथ्या बादलीवर बसून खिळे वेगळे करत होती.

आधी वास आला. कोमट ऑइलचा. गाडी आदल्या दिवसापासून जागची हललेली नव्हती.

मग गाडीखालून पाना फिरल्याचा आवाज आला. कर्र. थांबला. पुन्हा कर्र. घाई नसलेल्या माणसाचा आवाज. मग काहीतरी ओघळायला लागलं. आधी जाड धार, भांड्याच्या तळाशी पडणारी. ती वाकली. गाडीखाली कुणी नव्हतं. भांडं नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत. पण धार हाताच्या अंतरावर पडत होती, हळूहळू बारीक होत होती.

का कोण जाणे, तिनं हात पुढे केला आणि जिथे धार असायला हवी तिथे तळवा धरला. तळव्यावर ऊब पडत राहिली. हात कोरडाच होता.

"कोण आहे?" तिनं विचारलं. आवाज आपला वाटेना तिला.

धार थांबली. अगदी जवळ, जमिनीलगत, कुणीतरी श्वास सोडला. दमलेल्या माणसाचा श्वास. खूप वेळ आडवं पडून काम केल्यावर माणूस कंबर सरळ करताना सोडतो तसा.

तिनं शटर कसं उचललं ते तिला आठवत नाही. बोळाच्या तोंडाशी उन्हात ती बराच वेळ उभी होती. धीर करून परत गेली तेव्हा आत शांत होतं. पट्टीवर मधाचा रंग होता. तिनं खाली हात घालून नट चाचपला. बोटाला ओला पांढरा रंग लागला.

गाडी आणायला दोघं गेली होती ते घर तिच्या लक्षात होतं. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ती तिथे गेली. दार म्हाताऱ्याच्या सुनेनं उघडलं. केस कसेतरी बांधलेले, हातात ओला टॉवेल. तिनं पाहुणीकडे पाहिलं, मग तिच्या बोटावरच्या पांढऱ्या डागाकडे. तो घासून घासूनही गेला नव्हता.

"तुम्ही गाडीवाल्या ताई ना?" ती म्हणाली. "या आत."

आतल्या खोलीत खिडकीशी पलंग होता. म्हातारा त्यावर उताणा पडलेला होता. गाडी विकायच्या थोडंसं आधी त्याला झटका आला होता, तेव्हापासून तो पलंगाखाली उतरला नव्हता. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र लख्ख. दोन्ही हात चादरीवर ठेवले होते. एकेका नखात काळी कड भरली होती, हाताच्या रेघांमध्ये काळं मुरलं होतं, आणि उजव्या अंगठ्यावर पांढरा ठिपका होता.

"अधूनमधून होतं असं," सून हळू आवाजात म्हणाली. "काल दुपारी झालं. मी साबण आणि साखर लावून घासते, तरी दोन दिवस जात नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त नीट फिरत नसेल. मी म्हटलं, डॉक्टर, वास तर घ्या! त्यांनी घेतला. आणि विषय बदलला." तिनं टॉवेलची घडी घातली, मोडली. "ताई, गाडी विकल्याचं बाबांना आम्ही अजून सांगितलेलं नाही."

कवळीवाली बाई स्टूल ओढून पलंगाशी बसली. येताना भांडायचं ठरवून आली होती, पण आता काय भांडायचं? "काका," ती म्हणाली, "गाडी माझ्याकडे आहे."

म्हाताऱ्यानं डोळ्यांनी होकार दिला. त्याचे शब्द जड आणि तुटक यायचे. सून मध्ये मध्ये जोडून देत होती.

"नीट... चालते?"

"छान चालते."

"शोरूमवाले..." तो थांबला. "नट फार आवळतात. आटे जातात."

भीतीतसुद्धा तिला हसू फुटायचंच काय ते बाकी राहिलं. मग म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "दमलो गं आता." एवढं मात्र स्पष्ट म्हणाला.

ते ऐकल्यावर तिची भीती कुठल्या कुठे गेली असं नाही, पण त्या भीतीशेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. आपला बाप शेवटी शेवटी खुर्चीतून उठताना असंच म्हणायचा, हे तिला आठवलं.

"काका, यापुढे मी करते," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

त्यानं डोळे उघडून तिचे हात पाहायला मागितले. तिनं पुढे केले. मेणाच्या चटक्यांनी खडबडीत झालेली बोटं त्यानं बराच वेळ न्याहाळली. मग ज्या हातात जीव नाही असं सून सांगत होती, तोच उजवा हात उचलून त्यानं तिचं मनगट धरलं. पकड वाढत गेली, घट्ट, आणखी घट्ट, आणि एका जागी येऊन थांबली.

"एवढंच," म्हातारा म्हणाला. "याच्या पुढे नाही."

हात चादरीवर पडला. सून तोंडावर टॉवेल धरून रडत होती.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं वेड्यात काढलं नाही. तिचं मनगट पाहिलं, त्यावर चार बोटांचे काळे ठसे होते. "शोरूमला नको न्यायला," एवढंच तो म्हणाला. त्यांच्या संसारात तो विषय असा संपला.

ऑइल बदलायची वेळ पुन्हा आली तेव्हा तिनं पट्टी काढून पाहिली. काळं. काळं ऑइल पाहून कुणाला कधी एवढा आनंद झाला नसेल. गॅरेजचं शटर पूर्ण वर करून, भर सकाळी, ती गाडीखाली शिरली. नवरा बाहेर उभा राहून सूचना देत होता, ज्यांतली एकही कामाची नव्हती. ऑइल पातेल्यात पडलं, फिल्टर निघाला, नवा बसला. नवं तांब्याचं वॉशर घालून तिनं नट फिरवायला सुरुवात केली. नट आवळत आला तसं मनगटावर दडपण जाणवलं. मायेचं नव्हतं, रागाचंही नव्हतं. ते एका जागी थांबलं, तसं तिनं पाना काढला.

"झालं?" नवऱ्यानं वाकून विचारलं.

"झालं."

संध्याकाळी सुनेचा फोन आला. बाबांचे हात स्वच्छ होते, दुपारभर गाढ झोपले, उठून चहा मागितला.

त्यानंतर दर वेळी ऑइल बदललं की ती म्हाताऱ्याला जाऊन सांगायची. किती काळं निघालं, किती निघालं, नवं कुठलं भरलं. तो ऐकायचा. एकदा तर चक्क तिला म्हणाला की ब्रेकचंही बघत जा. मुलानं अखेर गाडी विकल्याचं कबूल केलं तेव्हा म्हातारा त्याच्याकडे बघून नुसता हसला म्हणे.

थंडी सरता सरता तो गेला. सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा ती हातात अर्धवट कवळी धरून तशीच बसून राहिली.

मग मात्र तिला गॅरेजमध्ये जायला धीर होईना. गाडी तशीच उभी राहिली. नवरा बसनं जायचा. आता तर म्हाताऱ्याला बांधून ठेवायला पलंगही राहिला नाही, हा विचार तिच्या डोक्यातून जाता जात नव्हता. शेवटी एका दुपारी ती उठली, शटर उघडून आत गेली, बॉनेट उचललं आणि पट्टी ओढून फडक्यावर टेकवली.

ऑइल तपकिरी होतं. त्या मुदतीत जेवढं व्हावं तेवढंच, ना कमी ना जास्त. वास नव्हता. आवाज नव्हता. गाडीखाली नुसती फरशी होती. आणि फडकं हातात धरून तिथे उभी असताना तिच्या ध्यानात आलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटत नाहीये; आपण मधाचा रंग दिसेल म्हणूनच इथवर आलो होतो. ती तशीच गाडीला टेकून खाली बसली, आणि नवरा शोधत येईपर्यंत रडत राहिली.