भुजंगच्या हातातली बाहुली

मित्रांनो, आज तुमच्याशी बोलते आहे ती एक म्हातारी रबरी बाहुली. खेळायची नव्हे हं, सरकारी. माझे केस कधी कुणी विंचरले नाहीत, कारण मला केसच नाहीत. माझं लग्नही कुणी बाहुल्याशी लावलं नाही. माझ्या पोटात वाळू भरली आहे, म्हणजे उचलणाऱ्याला तान्ह्या बाळाचं वजन कळावं. मान मुद्दाम ढिली ठेवली आहे, म्हणजे मानेखाली हात धरला नाही तर डोकं कसं लटकतं ते दिसावं. बापांना लेकरू सांभाळायला शिकवण्यासाठी मला घडवलं. आता मी अंगणवाडीच्या लोखंडी कपाटात, फुटक्या पाट्यांच्या मागे पडून असते. पडल्या पडल्या माझा जीव इतका कडू झाला आहे की गोड बोलायचं म्हटलं तरी जमणार नाही. ऐकायचं असेल तर तसंच ऐका.

कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जिथली माणसं पायी जातात, अशा एका वस्तीवर मी आले. मला आणलं रजनी मॅडमनी. त्या जालन्याच्या, या भागातल्या अंगणवाड्यांवर देखरेख करायच्या. गरीब घरातल्या बापांनी लेकरांच्या संगोपनाला हातभार लावावा, अशी सरकारची एक योजना निघाली होती. दर महिन्याला बापांचा वर्ग भरायचा. बाळाला धरायचं कसं, न्हाऊ घालायचं कसं, घास भरवायचा कसा, ताप आला तर काय करायचं, सगळं त्यात होतं. योजना चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाहुलीला नावं ठेवायची खोडच आहे.

पहिल्या वर्गाला बरेच बाप आले. अंगणवाडीच्या सेविका बेबीनंदाताई घरोघर फिरल्या होत्या, त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. बायका लेकरं घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. रजनी मॅडम म्हणाल्या, आपापलं बाळ मांडीवर घ्या. एकही बाप हलला नाही. कुणी छताकडे बघितलं, कुणी मोबाईल काढला. कारण दारात वस्तीतले म्हातारे बसले होते, आणि त्यांच्यात या बापांचेच बाप होते.

मॅडमना काही उमगेना. शेवटी सर्जेराव नावाच्या म्हाताऱ्याने त्यांना समजावलं. "मॅडम, आमच्यात बापासमोर आपलं लेकरू घेत न्हाईत. मी घेतलं न्हाई, माझ्या बापानं घेतलं न्हाई. बेशरमपणा दिसतो."

मग मॅडमनी खोक्यातून मला काढलं. मी कुणाचीच नव्हते, त्यामुळे मला घ्यायला कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं. सगळ्यांत आधी पुढे झाला तो सर्जेरावांचाच मुलगा भुजंग. कापसाच्या गाड्या भरून त्याचे हात राठ झाले होते. पण त्याने माझ्या मानेखाली हात असा अलगद सरकवला की बेबीनंदाताईसुद्धा बघत राहिल्या. मला त्या हातात फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांत त्याची बायको दैवशाला होती. तिच्या कडेवर अक्षता, जेमतेम बसायला लागलेली. अक्षता जन्मली ती आईच्या माहेरी, आई तिला घेऊन सासरी आली तेव्हा तिने मान धरली होती. या घरी एक खोली आणि एक ओसरी. सर्जेरावांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते दिवसभर ओसरीत. म्हणजे बाप समोर नाही अशी वेळ भुजंगच्या वाट्याला यायचीच नाही. एकदा घरामागे दैवशालाने हट्टाने पोर त्याच्या हातात दिली. त्याने तिला छातीशी धरलं न धरलं, तोच ओसरीतून म्हातारा खोकला. भुजंगने घाईघाईने पोरीला तिथेच मातीत बसवलं आणि तो बादली उचलून चालता झाला. पोर रडरड रडली. ही गोष्ट दैवशालाने बेबीनंदाताईंना माझ्यासमोर सांगितली. मी ऐकते हे माणसांना माहीत नसतं.

दैवशालाला फार काही नको होतं. अक्षताला तिच्या बापाने एकदा चारचौघांत, उजळ माथ्याने कडेवर घ्यावं, इतकंच. पोर बापाला ओळखायला शिकते ते याच वयात, असं तिला वर्गातच कुणीतरी सांगितलं होतं.

आणि भुजंग? तो दर महिन्याला येत राहिला. मला न्हाऊ घालायचा, दुपट्यात गुंडाळायचा, खांद्यावर टाकून पाठीवर थोपटायचा. तेवढ्या वेळात अक्षता तिथेच आईला बिलगून बसलेली असायची आणि टकामका बघायची. बापाच्या खांद्यावर मी होते आणि तिला जमिनीवरून माझे पाय दिसत होते. मला हे सहन होत नसे, पण रबराचं तोंड, बोलणार काय?

एका वर्गानंतर दैवशाला मागे थांबली आणि बेबीनंदाताईंना म्हणाली, "ताई, तुमची ही बाहुली घरी नेऊ का? पाळण्यात हिला ठिवते अन् माझ्या पोरीला तुमच्या कपाटात ठिवा. मंग तरी हे घेतील तिला."

ताई हसल्या नाहीत. दैवशालाही नाही.

सर्जेराव वाईट होते असं समजू नका. अक्षता त्यांचा जीव की प्राण. आजोबाने नातीला घ्यायला रीत आडवी येत नाही, त्यामुळे गुडघे दुखत असतानाही त्यांनी तिला खांद्यावर घेऊन सारी वस्ती दाखवली. पोटच्या पोराला जे दिलं नाही ते नातीला दिलं. तिला आबा म्हणता येऊ लागलं तेव्हा बाबा म्हणता येत नव्हतं.

पुढे नवीन जालन्यात, म्हणजे शहराच्या नव्या भागात, जिल्ह्याचा मेळावा ठरला. आदर्श बाप म्हणून भुजंगची निवड झाली. जीप आली. भुजंग, दैवशाला, अक्षता, बेबीनंदाताई आणि मी, सगळे निघालो. म्हाताऱ्यालाही मॅडमनी मुद्दाम सोबत घेतलं आणि सभागृहात पहिल्या रांगेत मानाने बसवलं. आता बघा, सगळा घोळ त्या मानाच्या खुर्चीने केला.

भुजंगने मंचावर मला धरून दाखवलं. टाळ्या झाल्या. मग एक मोठे साहेब उत्साहात येऊन म्हणाले, बाहुली पुरे, आता खरं बाळ घ्या. दैवशाला तर पायरीशी तयारच होती. पोरीला नवा फ्रॉक घातला होता. तिने अक्षताला दोन्ही हातांनी पुढे केलं. भुजंगने मला टेबलावर ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. हात पुढे करता करता त्याची नजर पहिल्या रांगेत गेली. सर्जेरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

भुजंगचे हात तिथेच थांबले. तो काहीतरी पुटपुटला, बहुधा पोर रडेल असं. वळून त्याने मलाच उचललं. लोकांना वाटलं गडी बुजला, लोक हसले आणि पुन्हा टाळ्या झाल्या. शाल आली, श्रीफळ आलं, फोटो निघाला. दैवशाला पायरीवर पोरीला धरून किती वेळ तशीच उभी होती, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

काही दिवसांनी सर्जेराव नातीला घेऊन अंगणवाडीत आले आणि बराच वेळ घुटमळले. मग बेबीनंदाताईंना म्हणाले, "मी मुद्दाम तोंड फिरिवलं व्हतं, ताई. म्हणलं, म्या बघितलंच न्हाई तर त्याला लाज कशाची? बिनघोर घेईल पोरीला. त्याला वाटलं मला राग आला."

"मंग सांगा की त्याला," ताई म्हणाल्या.

"बापानं पोराला हे कसं सांगावं? तुमीबी सांगू नका."

आणि ताईंनी शब्द पाळला. मित्रांनो, त्या शब्दाचा मला आजही राग येतो. एका घरात, एका ओसरीवर बसून भाकरी खाणारे दोन पुरुष, एक रीत सोडायला तयार, दुसरा लेकरू घ्यायला तयार, आणि बोलायचं कुणी नाही. सरकारने बापांना सगळं शिकवलं. बापाशी बोलायचं कसं, तेवढंच राहून गेलं.

पुढच्या वर्षी योजनेचं नाव बदललं, मग वर्ग बंद पडले. मेळाव्याचा फोटो मोठा करून अंगणवाडीच्या भिंतीवर लावला होता, तो मात्र राहिला. त्यात माझा चेहरा असा अंधुक उमटला आहे की दुरून मी खरं बाळच वाटते. पाहुणे येतात, वा वा म्हणतात. अक्षता अंगणवाडीत येऊ लागली तेव्हा पोरांनी तिला विचारलं, हा तुझा बाबा ना? ती म्हणाली, हो, माझा बाबा अन् बाबाची बाहुली.

दुपारी तिला न्यायला आबा यायचे. गुडघे धरत यायचे, पण जाताना ती खांद्यावरच. हिवाळ्यात त्यांना छातीचं दुखणं लागलं आणि ते गेले. अक्षता दुपारी दाराकडे बघत बसायची. दैवशाला यायची, हात धरून तिला न्यायची.

दहावं झाल्यावर बेबीनंदाताईंनी भुजंगला बोलावून सगळं सांगितलं. आता शब्द कुणासाठी पाळायचा? भुजंग पायरीवर खाली बसला. "मला वाटलं रागावले," एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो दुपार व्हायच्या आधीच आला. धुतलेला सदरा घातला होता, हातपाय स्वच्छ होते. दारात उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हात पसरले. बघणारं कुणी म्हातारं नव्हतं. असतं तरी त्या दिवशी तो थांबला नसता.

"ये अक्षू. मी न्यायला आलोय."

अक्षताने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मागे रस्त्याकडेही बघितलं. मग ती वळून कपाटापाशी आली, पाट्या बाजूला सारून तिने मला पायाला धरून बाहेर ओढलं, फरफटत दारापर्यंत नेलं आणि त्या पसरलेल्या हातांत ठेवलं.

"ही घे," ती म्हणाली. रागाने नव्हे. बापाला जे हवं असतं ते तिने आणून दिलं होतं. मग तिने चपला घातल्या आणि ती एकटी घराच्या वाटेला लागली.

भुजंग मला धरून तसाच बसला होता. हात बरोबर माझ्या मानेखाली होता. ताईंनी मला काढून घेतलं, तेव्हा कुठे तो उठून पोरीच्या मागे गेला. तिचा हात धरायचं त्याला धाडस झालं नाही. दोन पावलं मागे राहूनच चालला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला उंदरांनी कुरतडलं तरी चालेल. पण तुमच्या घरी तान्हा भाऊ किंवा बहीण असेल, तर आज त्या बाळाला उचला आणि बापाच्या हातात द्या. ओसरीत आजोबा बसले असतील तर त्यांच्यासमोर द्या. बाप लाजेल, इकडेतिकडे बघेल, तरी द्या. नंतर त्याचे हात मोकळे होतील तेव्हा उपयोग नसतो, तोवर लेकरू आपल्या पायांनी चालायला लागलेलं असतं.