दस्तरखानावरची जागा

मुरुमच्या पेठेत गाद्या भरणाऱ्या खाजाभाईंच्या ओट्यावर शामलाबाई त्या शनिवारी पुन्हा चढल्या, तेव्हा त्यांना पुरते ठाऊक होते, की ही फेरी रिकामी गेली तर पुढच्या फेरीला काही अर्थ उरणार नाही.

सोमवारी धाराशिवला बाल न्याय मंडळापुढे खाजाभाईंच्या मुलाची, सोहेलची, तारीख होती. सतरा वर्षांच्या त्या पोराने शाळा सोडली, उनाड सोबत धरली आणि एके दिवशी गुंडप्पा वाण्याची मोटरसायकल न विचारता नेऊन खांबावर घातली. बापाने स्वतः उभे राहून 'मुलगा माझ्यापाशी राहील' असे सांगितले, तर सोहेल घरी. नाहीतर त्याची रवानगी दूरच्या निरीक्षणगृहात. खाजाभाईंनी तर त्याला उंबराच बंद केला होता. उमरग्याच्या खालाने, म्हणजे मावशीने, ठेवून घेतले, म्हणून पोरगा रस्त्यावर आला नाही एवढेच.

अशा मुलांची आणि त्यांच्या घरांची विस्कटलेली घडी बसवणे, हे शामलाबाईंचे काम. त्या काम करत त्या संस्थेने हे प्रकरण त्यांच्या हाती दिल्यापासून त्यांनी समुपदेशन लावून दिले, आयटीआयच्या प्रवेशाचे पक्के केले, सारे जुळवून आणले. एक बाप तेवढा जुळत नव्हता. म्हणून आज त्या सोहेललाच सोबत घेऊन आल्या होत्या. तो ओट्याखाली भिंतीला टेकून उभा राहिला. वर चढण्याची त्याची छाती झाली नाही.

आत खाजाभाई गादीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बसा, बाई. अम्मा, पाणी द्या."

त्यांच्या आई सायराबी तांब्या घेऊन आल्या. "भाकरी ताज्या हायेत. खाता, का आजबी उपास?"

"नको, पोट भरलंय," शामलाबाई सवयीने म्हणाल्या.

खाजाभाईंच्या हातातला दाभण थांबला. "बाई, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही तुळजापूरच्या उपाध्यांच्या घरच्या. आमचा घास तुम्हाला चालत न्हाय, ते आमी समजून घेतलं. पण ज्या घरात तुम्ही तुकडा मोडत न्हाय, त्या घरानं पोराला पोटाशी धरावं, हे कोणत्या तोंडानं सांगता?"

कुणाकडे न जेवण्याच्या ज्या शिस्तीचा शामलाबाईंना अभिमान होता, तिला या घराने विटाळ समजून मनात ठेवले होते. आणि एवढी घरे पालथी घालणाऱ्या बाईला त्याचा पत्ताही नसावा! त्यांना स्वतःचाच राग आला.

"विटाळ नाही हो, खाजाभाई! आमच्या संस्थेचा नियम आहे, कुणाच्या घरी जेवायचं नाही. बाई जेवते आणि बाजू घेते, असं कुणी म्हणायला नको."

"म्हंजे लाच?" सायराबी खळखळून हसल्या. "माझ्या अंबाडीच्या भाजीला कोण विकलं जातंय? माझा ल्योकच नावं ठेवतो तिला!"

"मग वाढा," शामलाबाई पदर सावरत म्हणाल्या. "नियम मोडला ते साहेबांना मी स्वतः सांगेन. पण मी एकटी आलेली नाही. सोबतचं माणूस बाहेर उपाशी उभं असताना माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

खाजाभाईंनी दाराबाहेर पाहिले. पाहुण्यासोबत आलेला माणूसही पाहुणाच, त्याला 'तू कोण' असेसुद्धा विचारायचे नाही, ही त्या घरची रीत. त्यांच्या वडिलांनी ती पाळली होती, आणि आजवर त्यांनीही कधी मोडली नव्हती.

"लई हुशार हाव तुम्ही, बाई."

"हुशार असते, तर पहिल्याच दिवशी जेवले असते."

खाजाभाई जड पावलांनी दाराशी गेले. मग म्हणाले, "आता काय आवतण द्यायचं का? हातपाय धू. आत ये."

जेवायला जमिनीवर दस्तरखानाची चादर अंथरली गेली. सोहेल मान खाली घालून जेवत होता. "कसा वाळलाय बघा! खाला काय वारा चारत व्हती?" असे पुटपुटत सायराबी त्याच्यापुढे भाजी सरकवत होत्या. खाजाभाईंनी शामलाबाईंना आग्रहाने आणखी एक भाकरी वाढली आणि मुलाकडे न पाहताच विचारले, "गुंडप्पाची गाडी नीट झाली का?"

"ठाव न्हाय, अब्बा. ते दारात उभं करत न्हाईत. माफी मागाया दोनदा गेलतो."

खाजाभाईंचा हात ताटातच राहिला. ही गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती. शामलाबाईंनाही ती नवीच होती.

"कुणाला घेऊन गेलतास?"

"एकटाच."

"माफी मागाया एकट्यानं जात न्हाईत," खाजाभाई खाकरून म्हणाले. "बाप संगं लागतो. जेवून घे. मग जाऊ."

सोहेलने बाहीने डोळे पुसले. सायराबींनी मुद्दाम चुलीकडे तोंड फिरवले.

जेवणे आटोपल्यावर शामलाबाई ओट्यावरून उतरू लागल्या. पुढची वाट लांब आहे, हे त्यांना कळत होते. पोराची जुनी सोबत सुटायची होती आणि बापाचा राग एका जेवणात विरणारा नव्हता. एवढ्यात मागून खाजाभाईंची हाक आली.

"बाई, सोमवारी धाराशिवला पहिली एसटी कोणती?"

"सकाळी सहाची."

"मग पोरगं आता इथंच राहील," ते चपला पायांत सरकवत म्हणाले. "उमरग्याहून कशाला उगी धावपळ?"