मेत्ताचा साचा

पातळ.

नोफ्रीने मेत्ताच्या भुवयांना ऑलिव्हचं तेल चोळलं, केसांच्या कडेने ओली फडकी खोचली आणि वाडग्यातलं प्लास्टर कपाळावरून खाली सोडलं. डोळे गेले. नाक गेलं. मग ओठ.

"लेकराच्या तोंडाला चुना फासायचा आणि त्याला आठवण म्हणायचं," म्हातारी मोन्ना केक्का दारातून म्हणाली. "आमच्या वेळी मेलेल्याला माती देत."

"तुमचा मुलगा ब्रूजहून येईल तेव्हा त्याला काय दाखवू, सासूबाई? माती?" मेत्ताची आई दियानोरा म्हणाली.

दियानोराचा नवरा लोकरीच्या धंद्यासाठी गेला तेव्हा मेत्ता पाळण्यात होती. आता ती साथीच्या तापाने गेली होती, आणि दिवस मावळायच्या आत तिला पुरायचं होतं.

"तुमचाही साचा मीच काढला होता की," नोफ्री म्हातारीला म्हणाला.

"म्हणूनच सांगते, मेल्या! श्वासासाठी म्हणून नाकात काड्या खुपसल्यास. आठवडाभर शिंकत होते."

दाट.

पलंगावर आता चेहरा नव्हता, पांढरा गोळा होता. दियानोराने त्यावर तळहात टेकवला.

गरम.

हात मागे आला. पुन्हा गेला.

"नोफ्री."

"हलवू नका."

"नोफ्री, ही गरम आहे."

प्लास्टर घट्ट होताना तापतं. हे वाक्य त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. आता ते तोंडात येईना.

"काड्या!" दियानोरा ओरडली. "सासूबाईंना घातल्यास ना? हिला का नाही घातल्यास? हिचा श्वास कोंडलाय!"

"ओढ!" दारातून केक्का किंचाळली. "अगं, बघत काय बसलीस, ओढून काढ!"

दियानोराची नखं कडेखाली शिरली. आत्ता ओढलं तर साचा मोडणार, आणि बापासाठी काहीच उरणार नाही. नोफ्रीने तिची मनगटं धरली. प्लास्टर तापतं. तापतंच. पण काड्या खरंच घातल्या नव्हत्या. त्याचा एक हात सुटला, चादरीखाली गेला आणि मुलीचं पाऊल शोधू लागला.

सापडलं.

तो बराच वेळ ते धरून राहिला. मग त्याने दियानोराचा हात ओढून घेतला आणि त्या थंड पावलावर ठेवला.

तिने नुसती बोटं मिटली.

"ते प्लास्टर आहे, मोन्ना दियानोरा," तो म्हणाला. "प्लास्टरच तापतं."

केक्का दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली.

गार.

साचा उतरला. पापण्यांचे दोन-तीन केस त्यात अडकून आले होते. नोफ्रीने तो उजेडाकडे धरला. कुठे बुडबुडा नव्हता, कुठे भेग नव्हती.

"उत्तम उतरलाय."

दियानोराने साच्याकडे पाहिलं नाही. ती मुलीचे पुन्हा गार पडलेले गाल फडक्याने पुसत होती.

"अजून एकदा कर," ती म्हणाली.

"गरज नाही, मोन्ना. याच्यावरून हवे तितके मुखवटे निघतील."

"ठाऊक आहे मला."

खाली दारावर थाप पडली. मेत्ताला न्यायला ताटी घेऊन मठातले साधू आले होते. नोफ्री प्लास्टरच्या पोत्याजवळ उभा राहिला, हात रिकामे.

मोन्ना केक्का भिंतीला धरून उठली आणि जिन्याच्या तोंडाशी गेली.

"थांबा जरा," तिने खाली हाक दिली. "प्लास्टर अजून ओलं आहे."