मुकीची तोंडी हरकत

साखराबाईने सरकारला नमवलं आणि लेकीच्या नावापुढचा ‘मुकी’ हा शेरा खोडून घेतला, असं गावात सांगतात. तसं काहीही झालं नाही. झालं ते एवढंच, की फसली सन तेराशे तीसच्या खानेसुमारीला, म्हणजे माणसांच्या मोजणीला, दिलावर मुन्शी दौत-लेखणी घेऊन कड्यात तिच्या ओट्यावर येऊन बसला.

चार वर्षांची छबू अजून ‘आई’च्या पुढे सरकली नव्हती. मुन्शीने लेखणी बुडवली.

“थांबा,” साखराबाई म्हणाली.

वीस वर्षांपूर्वीच्या मोजणीत तीही चार वर्षांची होती आणि मुकी लिहिली गेली होती. दुसऱ्या दिवसापासून गावाने तिच्याशी बोलणं सोडलं. सरकारनेच लिहिलंय म्हटल्यावर तोंड कशाला शिणवायचं? भाकरीसुद्धा खुणेने वाढायचे. आष्टीहून पेरू विकायला येणाऱ्या अमीरबीला मात्र त्या कागदाची खबर नव्हती. ती दर बाजाराला पोरीला पाटीपाशी बसवून अखंड बडबडायची, आणि पोपटाने उष्टावलेले पेरू चारायची. त्याने पोरं बोलती होतात म्हणे. पेरूचं देव जाणे, बडबडीने नवव्या वर्षी तोंड उघडलं. अजूनही नेमका शब्द वेळेला सापडत नसे. वाक्य निम्म्यात बसायचं, आडमुठ्या बैलासारखं.

मधल्या मोजणीत ती बोलत होती. मोजणीदाराने जुना कागद पाहून पुन्हा मुकी लिहिलं. त्याच भरवशावर गावातल्या बायनाबाईने तिला सून करून घेतली आणि पस्तावली.

“मुन्शीजी, लेकीला... ते... ते न्हाई लिवायचं.”

“बाई, तुमीबी मुक्याच हाव. हे बघा, दोनदा लिवलंय.”

“मंग आता कोण बोलतंय?”

दिलावरने तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. कागद जास्त भरवशाचा वाटला.

“लिवू दे की गं,” बायनाबाई म्हणाली. “कावून भांडतीस? मानूस उन्हात बसलाय.”

“बसू द्या. म्या ल्हानपणी पाच वर्सं बसले व्हते, गप.” साखराबाईने दौतीवर तळहात ठेवला.

लेखणीत उरलेल्या शाईत मुन्शीने लिहिलं : ‘मुकीने तोंडी हरकत घेतली.’ मग म्हणाला, हरकतीला लेखी अर्ज लागतो. तिने हात काढला. ओट्यावर लिहिता येणारा तो एकटाच, म्हणून स्वतःविरुद्धचा अर्ज त्यालाच लिहावा लागला. ती सांगत गेली. शब्द अडला की तो थांबे.

“मेहरबान तहसीलदारसाहेब, आष्टी, यांचे सेवेशी. अर्जदार साखराबाई, राहणार कडा, अर्ज करते की, छबूचे नावापुढील रकाना पुढील मोजणीपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, कोरा ठेवावा. तोवर साहेबांनी दर बाजारी जातीने कड्यास येऊन मुलीशी घटकाभर बोलावे. मुलगी उत्तर देणार नाही. साहेबांनी बोलत राहावे.”