अवघड होत गेलेली चाचणी

लॉयल टॅकेटचे पंजे एवढे मोठे, की एका बोटाखाली कीबोर्डची तीन बटणं दबत, असं अमेरिकेत केंटकीतल्या एका गावात सांगत. लाकडाची गिरणी बंद पडल्यावर पन्नाशीतला लॉयल वायरमनच्या वर्गासाठी कॉलेजात आला आणि गणिताच्या प्रवेशचाचणीला बसला. उत्तर बरोबर आलं, की संगणक पुढचा प्रश्न आणखी अवघड देतो, हे सांगायला मार्गदर्शक ओडेसा विसरली.

थोड्याच वेळात लॉयल टोपी चढवून उठला.

"बाई, तुमचं यंत्र माझी खोडी काढतंय. अपूर्णांक जमत होते, तर आता आकड्यांऐवजी अक्षरंच आली! मठ्ठाने मार तरी किती खायचा?"

"मिस्टर टॅकेट, अहो, बसा तरी!"

तो थांबला नाही. ओडेसाने संगणकाचा पडदा पाहिला. तोवरची सगळी उत्तरं बरोबर होती. ती धावत बाहेर गेली, पण त्याचा ट्रक निघून गेला होता. तिने फोन लावला.

"उगाच माझं मन राखू नका," तो म्हणाला. "उद्यापासून कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला जातोय."

"देवाशपथ, सगळी बरोबर होती!"

"मग तसं आधी सांगायला काय झालं होतं?"

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.