शेरा: गेली

आमच्या आजीला, म्हणजे आईच्या आईला, मी आजवर सात वेळा मारलं आहे. एकदा पुरात, एकदा वाघाच्या तोंडी, आणि एकदा साहेबाच्या घोड्यावर बसून ती जी उधळली ती थेट ढगात. करणार काय? आई एवढंच सांगायची, "तापाच्या दवाखान्यात होतो. आई गेली. मला अनाथालयात ठेवलं." साहेबाच्या राज्यातली गोष्ट, आई तेव्हा तीन वर्षांची. उरलेलं मी भरत आलो. आणि थाप मारायची तर अंगभर मारावी.

माझी थोरली बहीण, अक्का, मात्र थकली तशी हट्टाला पेटली. "मरायच्या आधी खरं काय ते आण. तुझं नको. कागदावरचं."

दवाखान्याच्या दफ्तरातल्या बाईंनी फडक्यात बांधलेली वही सोडली. आजीच्या नावापुढे शेरा होता, 'गेली.'

"म्हणजे वारलीच," मी म्हणालो.

"नाही काका. मेलेल्यांना इथे 'मयत' लिहिलंय. 'गेली' म्हणजे न विचारता निघून गेली."

जन्मात पहिल्यांदा मी ऐकलं तसंच घरी सांगितलं. अक्काने चष्मा काढून ठेवला. "लेकराला टाकून. आणि आई जन्मभर तिच्यासाठी झुरली." मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, जणू मीच पळून गेलो होतो.

मी पुन्हा बाईंच्या दारात. "फाटकावरची वही बघू," त्या म्हणाल्या. त्याच महिन्याचं पान निघालं. पहारेकऱ्याचं अक्षर म्हणजे बैल मुतत गेलेला. 'मूल शोधायला न विचारता गेलेली तापातली बाई परत आली. मूल मागते. मूल अनाथालयात धाडले. पत्ता देऊ नये असा हुकूम. परत पाठवली.' दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या महिन्यातही तेच, फक्त 'परत पाठवली'च्या जागी 'बसून आहे.'

मी धापा टाकत घरी आलो, सगळं सांगितलं.

"ही तुझी आठवी," अक्का म्हणाली. "जीभ झडेल एखाद दिवशी."

"शपथ घेतो."

"तुझ्या शपथा गाडाभर आहेत."

शेवटी तिलाच चाकांच्या खुर्चीत घालून नेली. बाईंनी भिंग दिलं. अक्काने एकेक ओळ मोठ्याने वाचली, शाळेत वाचतात तशी, बोट ठेवून. पान उलटलं. पुन्हा 'बसून आहे.' पुढची पानं वाळवीने खाल्लेली होती.

मी तोंड उघडणार, तर तिने हातानेच गप्प केलं. मग वहीवर वाकून, उंबऱ्यावर बसलेल्या बाईशी बोलावं तशी ती म्हणाली, "ऊठ आता. मूल जगलं गं. शिकलं. त्याचा संसार झाला. आम्ही दोघं त्याचीच. हा जरा खोटारडा आहे, पण मनाने बरा आहे."